भेट, भीड आणि लाच

दिवाळी आठ दिवसांवर आली की रोहा-कोलाड रस्त्यावर धाटावच्या औद्योगिक वसाहतीत मिठाईच्या खोक्यांची वर्दळ सुरू होते. हे दृश्य एकट्या धाटावचे नव्हे. तळोजा, महाड, लोटे, अंबरनाथ, जिथे जिथे कारखाने आहेत तिथे तिथे ते दिसते. कामगाराला अर्ध्या किलोचे खोके, पर्यवेक्षकाला किलोचे, अधिकाऱ्याला सुक्या मेव्याचा डबा. आणि ज्यांच्या स्वाक्षरीवाचून कारखान्याची चाके फिरत नाहीत अशा कोणाच्या घरी, कोठे कोठे, त्याहून अधिक काही. वेष्टणाचा कागद तोच, शुभेच्छापत्रही एकाच छापखान्यातले. परंतु तोच जिन्नस एका घरी पोहोचला की ती भेट होते, दुसऱ्या घरी तो कष्टाचा मोबदला असतो आणि तिसऱ्या घरी ती लाच ठरते. जिन्नस स्वतः काही बोलत नाही, आणि किमतीवरूनही फरक नेमका उमगत नाही. मग तो ओळखायचा कसा, हा प्रश्न मध्यमवर्गीय घरात जितका टाळला जातो तितका दुसरा क्वचितच टाळला जात असेल.

टाळला जातो याचे कारण असे की, भ्रष्टाचार म्हटला की डोळ्यांपुढे कोट्यवधींचे घोटाळे आणि मंत्र्यांचे बंगले उभे राहतात. आपल्या ओसरीवर ठेवलेले खोके त्या चित्रात बसत नाही. वास्तविक मराठी समाजाला या विषयातले बारकावे पूर्वापार ठाऊक आहेत. तसे नसते तर देण्याघेण्यासाठी इतके शब्द भाषेत निर्माण झाले नसते. आहेर वेगळा, ओटी वेगळी, वाण वेगळे. दक्षिणा निराळी, इनाम निराळे, बक्षिसी निराळी. बलुते म्हणजे भीक नव्हे आणि खुशाली म्हणजे पगार नव्हे. चिरीमिरी, चहापाणी, 'वजन ठेवणे', 'हात ओले करणे' हे शब्द तर उच्चारतानाच आवाज खाली येतो. ज्याला नाव घेताना आवाज उतरवावा लागतो ते काय आहे, हे बोलणाराही जाणतो आणि ऐकणाराही जाणतो.

शेजारणीकडून वाटीभर पदार्थ आला तर ती वाटी रिकामी परत देऊ नये, निदान चिमूटभर साखर घालून द्यावी, हा आपल्या घराघरांतला रिवाज आहे. लग्नातल्या आहेराची वही कपाटात जपून ठेवलेली असते, आणि समोरच्या घरी कार्य निघाले की ती उघडून कोणी काय दिले होते ते पाहून मगच खरेदी होते. काटेकोर शास्त्र लावायचे तर यातही परतफेडीची अपेक्षा आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. जो परत काही करू शकणार नाही अशाला, द्यायचे म्हणून दिलेले ते सात्त्विक. प्रत्युपकाराच्या आशेने दिलेले ते राजस. त्या कसोटीला आहेराची वही उतरणार नाही. परंतु ती वही म्हणजे लाच नव्हे, हेही तितकेच खरे. दोन कुटुंबांनी सुखदुःखाच्या प्रसंगी एकमेकांचा भार उचलण्याची ती व्यवस्था आहे, ती चारचौघांत चालते आणि लेखी असते. म्हणजे परतफेडीची अपेक्षा एवढ्यावरून भेटीची लाच होत नाही. ही गोष्ट प्रथम स्पष्ट केली पाहिजे, कारण 'सगळेच देणेघेणे शेवटी व्यवहार' असे म्हणून लाचेला आहेराच्या पंक्तीत बसविणारे पंडित आजकाल पुष्कळ झाले आहेत.

विवाहाच्या बाबतीत तर कायद्यालाही हा भेद मांडावा लागला. 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने मागणी करून घेतलेल्या हुंड्याला गुन्हा ठरविले. पण न मागता, रीतीप्रमाणे दिलेल्या भेटींना मुभा ठेवली. पुढे 1985 च्या नियमांनी अशा भेटींची लेखी यादी करून तीवर दोन्ही पक्षांनी सह्या कराव्यात असे सांगितले. किती लग्नघरांत ही यादी होते हा प्रश्न वेगळा. पण कायदा करणाऱ्यांच्या मनात जुनी आहेराची वहीच असावी, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

बलुत्याचीही गोष्ट तशीच. सुगीच्या वेळी सुतार, लोहार, कुंभार खळ्यावर येऊन धान्याचा आपला वाटा घेऊन जात. त्यात दात्याचा उपकार नव्हता आणि घेणाऱ्याचा लाचारपणाही अभिप्रेत नव्हता. वर्षभराच्या कामाचा तो ठरलेला हिस्सा होता. त्या व्यवस्थेतले अन्याय निर्विवाद होते आणि ती गेली हे बरेच झाले. पण हक्काची वस्तू उपकार म्हणून देऊ नये, एवढे तिच्यातले सूत्र धरून ठेवण्याजोगे आहे. धाटावच्या कामगाराला दिवाळीत मिळणाऱ्या बोनसचा इतिहास हेच सांगतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरण्यांनी कामगारांना बोनस देण्यास आरंभ केला तेव्हा ती मालकाची मेहेरबानी समजली जात असे. चाळीस-पन्नास वर्षांच्या झगड्यानंतर 1965 चा बोनस कायदा आला. पुढे किमान बोनसचे प्रमाण 8.33 टक्के, म्हणजे सुमारे एका महिन्याच्या वेतनाइतके, ठरले आणि नव्या वेतन संहितेनेही ते कायम ठेवले. मेहेरबानीचा हक्क झाला. तेव्हा कामगाराच्या हाती बोनसबरोबर मिठाईचे खोके देताना कोणी कंत्राटदार 'साहेबांचे उपकार विसरू नका' असे म्हणत असेल, तर तो भेट देत नसून हक्कावर उपकाराचे वेष्टण चढवीत असतो. उपकाराचे हे वेष्टण पुढे वसूल होते. ज्यादा तासांचा हिशेब विचारण्याची जीभ मग रेटत नाही.

मग लाच कशावरून ओळखायची? एक खूण अशी आहे की ती फारशी चुकत नाही. भेट ही दोघांत पुरी होते. देणारा आपले देतो, घेणारा आपले म्हणून घेतो आणि गोष्ट तिथे संपते. लाचेच्या व्यवहारात मात्र नेहमी एक तिसरा माणूस असतो, आणि तो त्या खोलीत उपस्थित नसतो. लाच देणारा जे देतो ते त्याचे स्वतःचे असते. पण घेणारा त्याबदली जे देतो ते त्याचे नसते. रांगेतला क्रमांक त्याचा नसतो. दाखल्यावरची मोहोर त्याच्या मालकीची नसते. तपासणीच्या अहवालातले 'सर्व ठीक' हे दोन शब्दही त्याला विकता येण्याजोगे नसतात. तो विकतो ते त्या तिसऱ्या माणसाचे. म्हणून 'दोघांच्या खुशीचा मामला' हे लाचेचे समर्थन मुळातच खोटे आहे. खुशी दोघांची आणि गळा तिसऱ्याचा.

धाटावमध्ये हा तिसरा माणूस शोधायला लांब जावे लागत नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या या वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. शेजारून कुंडलिका वाहते. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली उतरून या नदीला मिळते, म्हणून कोकणातल्या इतर नद्या उन्हाळ्यात आटत असता ती वाहती राहते. पुढे रोहे शहरावरून जाऊन रेवदंड्याच्या खाडीत ती समुद्राला मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातील 351 प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, त्यातील 53 महाराष्ट्रातील होते आणि त्यांत कुंडलिकेचे नाव होते. याची कारणे अनेक असू शकतात; कोणत्या कार्यालयात कोणी काय दिले-घेतले याचा निवाडा करण्याचे हे स्थान नव्हे. परंतु रसायनांच्या वसाहतीत कोठेही एखादी तपासणी कागदावरच उरकली, तर तिची किंमत कोण मोजतो हे अगदी उघड आहे. खाडीत जाळे टाकणारा कोळी ती मोजतो. रात्रपाळीला भट्टीपाशी उभा असलेला मजूर, ज्याला आपल्या शेजारची झडप शेवटची केव्हा तपासली हे ठाऊक नसते, तो ती मोजतो. दिवाळीच्या खोक्यावर त्यांची नावे नसतात.

इथे एक युक्तिवाद हटकून पुढे येतो. 'भेट घेतली, पण काम नियमानेच केले. निर्णयावर तिचा काही परिणाम झाला नाही.' हा युक्तिवाद फार जुना आणि मोठमोठ्यांनी केलेला आहे. इंग्लंडचा प्रख्यात विचारवंत फ्रान्सिस बेकन लॉर्ड चॅन्सलर या सर्वोच्च न्यायपदावर असताना पक्षकारांकडून भेटी घेत असे. 1621 मध्ये त्याच्यावर ठपका आला तेव्हा त्याने भेटी घेतल्याचे कबूल केले. परंतु त्यामुळे न्यायाला बाध आला हे काही मान्य केले नाही. गंमत म्हणजे ज्यांनी भेटी दिल्या त्यांच्यातील काहींच्या विरुद्धच त्याचे निकाल गेले होते, आणि तक्रारही त्यांनीच केली. त्याला 40,000 पौंडांचा दंड झाला, पद गेले आणि काही दिवस तुरुंगही पाहावा लागला. पुढे दीडशे वर्षांनी भारतात हेच नाटक वेगळ्या पात्रांनी रंगले. ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर नवाबांकडून भेटी घेऊन गब्बर झाले, तेव्हा 1773 च्या कायद्याने त्यांना भेटी घेण्यास मनाई करावी लागली. वॉरन हेस्टिंग्जवर जो महाभियोग 1788 मध्ये उभा राहिला त्यातही भेटी घेतल्याचा आरोप होता. मनाई झाली, खटला झाला, तरी साहेबाच्या बंगल्यावर नाताळात फळफळावळीची 'डाली' पाठविण्याची रीत काही सुटली नाही. दिवाळीचे आजचे खोके त्या डालीचे सख्खे वंशज होत.

आपल्या कायद्याने या युक्तिवादाचा निकाल आता निःसंदिग्ध शब्दांत लावला आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा 1988 चा. त्यात 2018 मध्ये दुरुस्ती झाली. लोकसेवकाने गैरवाजवी लाभ घेतला की तेवढ्यानेच गुन्हा घडतो, त्याने केलेले काम नियमाला धरून असले तरी सुटका नाही, असे त्यात स्पष्टीकरणच जोडलेले आहे. शिक्षा किमान तीन वर्षांची, अधिकात अधिक सात वर्षांची. कायद्याला असा नियम का करावा लागला, हे समजून घेण्यासारखे आहे. निर्णय योग्य असला तरी तो योग्यतेमुळे झाला की पाकिटामुळे, हे ओळखण्याचा मार्ग तिसऱ्या माणसाजवळ उरत नाही. त्याच्या अर्जाला नकार मिळाला तर तो कायमचा संशयात जगतो. न्यायावरचा विश्वास एकदा गेला की न्याय खरोखर झाला काय आणि न झाला काय, सारखेच.

सरकारी नोकरांच्या वर्तणुकीचे नियम या बाबतीत व्यवहार जाणून केलेले आहेत. लग्नकार्य, वाढदिवस, धार्मिक प्रसंग अशा वेळी नातेवाइकांनी वा ज्यांचे कार्यालयात काही काम नाही अशा मित्रांनी रीतीप्रमाणे दिलेल्या भेटी चालतात. ठरावीक रकमेवरच्या असतील तर वरिष्ठांना कळवावे लागते. सहज घडलेले जेवण किंवा कोणी वाटेत गाडीतून सोडणे याला भेट समजत नाहीत. मात्र ज्या व्यक्तीशी वा कंपनीशी कामाचा संबंध आहे तिचा वारंवार किंवा डामडौलाचा पाहुणचार टाळावा, असे बजावलेले आहे. सारा भेद 'वारंवार' या एका शब्दात आहे. पहिला चहा हा चहाच असतो. दहाव्या चहापर्यंत, कप कोणी भरला हे विसरून त्याच्या फाइलीकडे निर्विकारपणे पाहणे मनुष्यस्वभावाला जड जाते. कौटिल्याला हे चांगले ठाऊक होते. पाण्यातला मासा पाणी केव्हा पितो हे जसे कळत नाही, तसा अधिकारी पैसा केव्हा खातो हे कळत नाही, असे त्याने म्हटले आणि अपहाराचे चाळीस मार्ग मोजून दाखविले. त्यानंतर सुमारे दोन हजार वर्षांत त्या संख्येत भरच पडली असणार.

शिवछत्रपतींनी मात्र हे मार्ग मोजत बसण्याऐवजी मुळालाच हात घातला. 1676 मध्ये प्रभावळीच्या सुभेदाराला पाठविलेल्या पत्रात त्यांनी रयतेच्या भाजीच्या देठाचीही अभिलाषा धरू नये असे बजावले आहे. देठाला किंमत ती काय? पण त्या आज्ञेचा रोख किमतीवर नाहीच. सुभेदाराने देठ मागितला तर रयत नाही म्हणू शकत नाही. नाही म्हणण्याची सोय जिथे नसते तिथे देणे हे देणे राहत नाही.

सरकारी कचेरीला नावे ठेवणाऱ्या मध्यमवर्गाने आपल्या व्यवसायांकडेही पाहावे. औषध कंपन्यांनी डॉक्टरांना द्यायच्या भेटवस्तू, सहली, परिषदांचे खर्च हा कितीतरी वर्षे शिष्टाचार मानला जात होता. भारतीय वैद्यक परिषदेने डिसेंबर 2009 मध्ये अशा भेटी घेण्यास डॉक्टरांना बंदी केली. घेणाऱ्याला बंदी झाली, पण देणारा मात्र तो खर्च धंद्याचा म्हणून दाखवून करात सवलत मागत राहिला. 22 फेब्रुवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका औषध कंपनीचे अपील फेटाळून ही सवलत मिळणार नाही असा निर्णय दिला. इथे तिसरा माणूस म्हणजे तपासणीच्या पलंगावर बसलेला रुग्ण. त्याला लिहून दिलेली गोळी त्याच्या दुखण्यासाठी आहे की सहलीच्या तिकिटासाठी, हे तो विचारू शकत नाही. शाळाप्रवेशाचेही तेच. महाराष्ट्राने 1987 मध्ये कॅपिटेशन फीला बंदी घालणारा कायदा केला. तेव्हापासून 'देणगी' या सुंदर शब्दाची जी दुर्दशा झाली आहे ती पाहावत नाही. स्वेच्छेने दिलेली ती देणगी. प्रवेशअर्जाबरोबर मागितलेली ती खंडणी. 'डोनेशन' असे इंग्रजीत म्हटल्याने तिचे कुळ बदलत नाही.

उपहासाने असेही म्हटले जाते की, देवाला नवस बोलणाऱ्या समाजाला साहेबाला पाकीट देण्यात वावगे वाटेल कसे? ही कोटी वरवर चटकदार असली तरी पोकळ आहे. नवस कार्य झाल्यावर फेडतात, चारचौघांत फेडतात, आणि एकाचा नवस पावल्याने दुसऱ्याचा प्रसाद कमी होत नाही. हां, ताटकळलेल्या रांगेला ओलांडून ओळखीच्या पासावर दर्शन घेणाऱ्याविषयी मात्र ही कोटी खुशाल करावी.

आणि ओळखीचा विषय निघाला म्हणजे खरी अडचण सुरू होते. लाच वाईट हे निदान तोंडाने तरी सर्व मान्य करतात. भीड मात्र सद्गुणाच्या वेशात येते. तीत पैसा नाही, पाकीट नाही. आहे तो फक्त 'शब्द'. 'साहेब आपले आहेत, एक शब्द टाका.' 'मुलगा आपल्यातला आहे, कंपनीत चिकटवून द्या.' शब्द टाकणाऱ्याला आपण कोणाचे तरी भले केल्याचे समाधान मिळते. मानणाऱ्याला मोठ्या माणसाचा मान राखल्याचे. परंतु त्या जागेसाठी ज्याने आयटीआय पूर्ण करून, कोणाची ओळख नसताना, साध्या टपालाने अर्ज पाठविला होता त्याचे काय झाले? त्याला तर आपण हरलो हेही कळत नाही. लाचेतला तिसरा माणूस निदान शंका तरी घेतो. भिडेतला तिसरा माणूस स्वतःलाच नालायक समजून घरी बसतो.

रामशास्त्री प्रभुण्यांची एक आख्यायिका सांगितली जाते. श्रावणमासातील दक्षिणेच्या वाटपात शास्त्रीबुवांचे बंधू आले. त्यांना इतरांहून अधिक द्यावे असे नाना फडणविसांनी सुचविले. रामशास्त्र्यांनी नकार दिला. विद्वत्तेच्या मानाने इतरांना जे मिळते तेच यांना मिळावे, आणि भाऊ म्हणून अधिक द्यायचे ते आपण आपल्या घरातून देऊ, असे त्यांचे म्हणणे. आख्यायिकेत तपशील कितपत खरा हे इतिहाससंशोधकांनी पाहावे. तिचे मर्म 'घरातून' या शब्दात आहे. भावावर प्रेम करायला कोणाची ना नाही. ते सरकारी थैलीतून करू नये, इतकेच.

सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्याला ही अडचण सर्वांत अधिक भासते, कारण त्याच्याजवळ पैसा नसला तरी विश्वास असतो. जुलै 2021 मध्ये महाड पाण्यात बुडाले, तळिये गावावर दरड कोसळली, तेव्हा ठिकठिकाणचे तरुण चिखल उपसायला धावले. त्यांनी काही मागितले नाही म्हणून लोकांनी त्यांना घरात घेतले. असा विश्वास कमवायला वर्षे लागतात. त्याच कार्यकर्त्याला उद्या कोणी म्हणतो, 'तुमचे तहसीलदार ऐकतील.' ऐकतीलही. पण तहसीलदार जे ऐकतात ती चिखल उपसणाऱ्या हातांची पुण्याई असते, आणि ती एका पुतण्याच्या दाखल्यावर खर्च होते. गुरुपौर्णिमेला ध्वजापुढे बंद लिफाफा ठेवणारा स्वयंसेवक दक्षिणेची रक्कम शेजाऱ्यालाही कळू देत नाही. तोच दुसऱ्या दिवशी दूरध्वनीवर संघटनेचे नाव घेऊन रांग ओलांडत असेल, तर ठेवलेल्याहून अधिक त्याने परत नेले. पूरग्रस्ताकडे मदतीनंतर मत मागायला जाणारा पुढारीही याच जातीचा. फरक एवढाच की पुढारी व्याज उघड मागतो.

याचा अर्थ कोणाला मदतच करू नये असा नाही. कारखान्यात जागा निघाली आहे ही बातमी पाड्यावरच्या मुलापर्यंत पोहोचविणे, अर्ज कसा भरायचा ते दाखविणे, कातकरी कुटुंबाला जातीच्या दाखल्यासाठी कोणते कागद लागतात ते समजावून सांगणे, वेळ पडल्यास कचेरीत सोबत जाणे, हे उपकार कितीही केले तरी थोडेच. कारण त्यांनी कोणाची जागा जात नाही; उलट जो रांगेत नव्हता तो रांगेत येतो.

रोहा-पेणचा हा टापू तसा या विषयात पोरका नाही. भूदानाचे प्रवर्तक विनोबा भावे 1895 मध्ये पेण तालुक्यातील गागोद्याला जन्मले. 1951 पासून गावोगाव फिरताना त्यांनी जमीन भिक्षा म्हणून मागितली नाही. घरात पाच मुलगे असतील तर सहावा म्हणून मला वाटा द्या, असे ते म्हणत. घेणाऱ्या भूमिहीनावर दात्याचे ओझे राहू नये, ही त्यामागची दृष्टी. रोह्यात 1920 मध्ये जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांनी तीच दृष्टी आणखी पुढे नेली. त्यांचे स्वाध्यायी भक्तिफेरीला स्वतःची शिदोरी घेऊन निघत, म्हणजे ज्याच्या घरी जायचे त्याच्यावर पाहुणचाराचीही भीड पडू नये. योगेश्वर कृषीत गावाने पाळीपाळीने राबून पिकविलेले धान्य कोणा एकाचे नसे. 'अपौरुषेय लक्ष्मी' म्हणून ते गरजूच्या घरी प्रसाद म्हणून पोहोचे. देणारा कोण हेच घेणाऱ्याला माहीत नाही, मग उपकार कोणाचे मानायचे आणि फेडायचे कोणाला? उपकारातले विष काढून टाकण्याची याहून सोपी युक्ती क्वचितच कोणी काढली असेल.

तिसरे नाव चिंतामणराव देशमुखांचे. बालपण रोह्यात गेलेले हे गृहस्थ रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, पुढे केंद्रात अर्थमंत्री झाले आणि मुंबईच्या प्रश्नावर 1956 मध्ये ते पद सोडून मोकळे झाले. रोह्यात त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. पण 1959 मध्ये मद्रासच्या भाषणात ते काय म्हणाले हे फारसे आठवले जात नाही. सार्वजनिक जीवनातील भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासण्यासाठी उच्चाधिकार असलेले निःपक्षपाती न्यायाधिकरण स्थापावे, तसे झाल्यास काही प्रकरणे आपण स्वतः त्यापुढे ठेवू, असे त्यांनी जाहीर केले. पंतप्रधान नेहरूंनी ती सूचना मानली नाही. पुढे संथानम समितीने 1964 च्या अहवालात लिहिले की परवाने आणि परवानग्या देणाऱ्या खात्यांत काम लवकर व्हावे म्हणून पैसे देण्याची सवय बरीच पसरली आहे. त्याच वर्षी केंद्रीय दक्षता आयोग आला. लोकपालाचा कायदा व्हायला 2013 साल उजाडले. देशमुखांच्या भाषणापासून मोजले तर 54 वर्षे!

'लवकर काम व्हावे म्हणून' हे शब्द मात्र बारकाईने वाचावेत. पैसे दिल्याने काम लवकर होते असे देणाऱ्याला वाटते. वास्तविक पैसे मिळावेत म्हणून काम आधी लांबविलेले असते. फेरफाराची नोंद, दाखला, नळजोडणी, ही हक्काची कामे. त्यासाठी गांजलेला माणूस जे देतो ते लुटारूला दिलेल्या गाठोड्यासारखे. गैरकामासाठी पाकीट पुढे करणारा आणि हा, दोघांना एका मापाने मोजू नये. 2018 च्या दुरुस्तीने लाच देणाऱ्यालाही गुन्हेगार ठरविले. परंतु ज्याला देणे भाग पडले त्याने सात दिवसांच्या आत तक्रार केली तर त्याला शिक्षेतून वगळले. सात दिवस ही मुदत खेड्यातल्या माणसाला अपुरी आहे. ती त्याला माहीतही नसते, हे त्याहून वाईट. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक तरी घराघरांत पाठ असायला हवा.

2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने तर आणखी एक हत्यार नागरिकाच्या हाती दिले आहे. कोणती सेवा किती दिवसांत आणि किती शुल्कात मिळेल, न मिळाल्यास अपील कोणाकडे, हे कार्यालयात फलकावर लावणे बंधनकारक आहे. विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. रोहे, पेण किंवा आणखी कोठल्या तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आठवड्यातला एक दिवस त्या फलकाजवळ उभे राहण्यासाठी काढला, आलेल्या माणसाला त्यावरचे दिवस आणि शुल्क वाचून दाखविले, अर्जाची पोच घ्यायला लावली आणि मुदत उलटली तर अपील लिहून दिले, तर त्यासाठी कोणत्याही साहेबाची ओळख लागत नाही. एक वही आणि एक पेन पुरते. दिवाळीनंतर कचेऱ्या उघडतील तेव्हा पहिल्याच सोमवारी आरंभ करता येईल.